ओळखीचा आवाज

घरात एखादी नवी वस्तू आणायची ठरली, की त्या वस्तूपेक्षा घरातल्या माणसांचीच पारख अधिक होते. कपाट घ्यायचे असले तर ज्याचे कपडे त्यात राहायचे त्याचे मत चालते. शेगडी घ्यायची असली तर जिला तिच्यापुढे उभे राहायचे तिचे. खुर्चीवर बसून पाहता येते, गादीवर आडवे होऊन पाहता येते. पण गाणे ऐकण्यासाठी स्पीकर घ्यायचे ठरले म्हणजे पंचाईत होते. ते हाताळून कळत नाहीत, नुसते पाहून तर मुळीच नाहीत. आणि कानांनी पारखावेत म्हटले तर कान ज्याचा त्याला. माझ्या कानांना काय ऐकू येते हे तुम्हांला कधी कळायचे नाही, आणि तुमच्या कानांना काय येते हे मला. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर या एका खरेदीने आमच्या पाच माणसांच्या घरात चार पक्ष निर्माण केले. आणि शेवटी निकाल दिला तो ज्याचे कान घरात सर्वांत अधू त्याने.

आम्ही स्वारगेटला राहतो. इथे आवाजाचा तोटा कधीच नसतो. एस.टी.चे स्थानक, त्याच्या शेजारी शहरातल्या बसगाड्यांचा गोतावळा, जेधे चौकातला उड्डाणपूल, रिक्षावाल्यांचा पुकारा आणि या सगळ्यांवर पहाटे पाचपासून चहाच्या टपरीवरचा पेल्यांचा किणकिणाट. २०२४च्या सप्टेंबरपासून इथे मेट्रोही आली. पण ती बिचारी जमिनीखालून जाते आणि वरच्या मंडळींत तिचा आवाज पोचत नाही. आमच्याकडे आलेल्या पाहुण्याला पहिल्या रात्री झोप लागत नाही, आणि आम्ही परगावी गेलो की शांततेने आम्हांला जागे राहावे लागते.

या गोंगाटात माझ्या वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, आवाज पस्तीस वर्षे मिसळलेला होता. अण्णा एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला पहिली एस.टी. धावली, तेव्हा अण्णा पाळण्यात होते. पण त्या गाडीविषयी ते अशा काही आपलेपणाने बोलतात, की जणू तिला फलाटावरून शिट्टी त्यांनीच दिली होती. नोकरीतला बराच काळ त्यांच्यासमोर मायक्रोफोन होता आणि डोक्यावर भोंगे. सातारा, सांगली, सोलापूर, सासवड — स्वारगेटहून सुटणाऱ्या निम्म्या गाड्या 'स'ने सुरू होणाऱ्या गावांना जातात, आणि भोंग्यातून सर्वांत आधी मरते ते हेच अक्षर. भोंगा हा बोलण्यासाठी घडवलेला प्राणी. त्याला खालचा खर्ज नको असतो, वरची बारीक धारही नको. मधल्या पट्टीत ओरडून तो शब्द दूरवर फेकतो. 'स' राहतो तो नेमका त्या वरच्या धारेवर. म्हणून अण्णांनी स्वतःशीच एक युक्ती बसवली होती. ते 'स' किंचित लांबवीत आणि पुढच्या स्वरावर अलगद पाय ठेवीत. "सांगलीचा माणूस सोलापूरच्या गाडीत बसला, तर तो दोष माझा नव्हे, माझ्या 'स'चा," असे ते म्हणत. आपला आवाज आपल्याला घशातून कसा ऐकू येतो आणि भोंग्यातून बाहेर पडल्यावर तो कसा होतो, यांतले अंतर त्यांनी रोज दहा-दहा तास ऐकलेले होते. ही गोष्ट पुढे आमच्या उपयोगी पडणार होती, हे तेव्हा कोणाला ठाऊक?

आणि अण्णा गाण्याचे वेडे. २ ऑक्टोबर १९५३ला पुण्याचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले, आणि १९५५च्या एप्रिलपासून वर्षभर त्या केंद्रावरून 'गीतरामायण' ऐकू येऊ लागले. वाड्यात रेडिओ एकच, मालकांचा. त्यांनी तो खिडकीत आणून ठेवावा आणि अंगणात सतरंजी पसरावी, असा रिवाज पडला. आठ-नऊ वर्षांचे अण्णा त्या सतरंजीच्या काठावर बसून छप्पन्नच्या छप्पन्न गाणी ऐकत मोठे झाले. पुढे नोकरी लागली, तशी 'सवाई गंधर्व' महोत्सवाची वारी सुरू झाली. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला हा महोत्सव तेव्हा रात्रभर चाले आणि पहाटे स्वतः भीमसेन गात. अण्णा रमणबागेतून गाणे ऐकून उठत, घरी येऊन अंघोळ करीत आणि तडक फलाटावर हजर होत. त्या आठवड्यात त्यांच्या घोषणांना तोडीचा पहाटी सूर लागतो, असे त्यांचे सहकारी थट्टेने म्हणत.

अलीकडच्या वर्षांत हा महोत्सव आमच्या अंगणात आला. मुकुंदनगरातले मैदान घरापासून चालत पंधरा मिनिटांवर. पण दैव असे, की गाणे जवळ आले आणि गुडघे लांब गेले. दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात अण्णा तासाभरात परत आले. "गर्दी फार," एवढेच म्हणाले. मग घरातले गाणेही बंद झाले. जुना टेपरेकॉर्डर केव्हाच मुका झाला होता. मुलाने मोबाइलवर गाणी लावून दिली, ती ऐकताना ते पेपर वाचू लागले. गाणे चालू असताना पेपर वाचणारे अण्णा मी जन्मात पाहिले नव्हते. "वय झाले, गोडी उतरली," असे सौभाग्यवती म्हणाली. मला ते पटत नव्हते. माणसाची खाण्याची गोडी उतरते, भांडणाची उतरते. गाण्याची उतरलेली मी ऐकली नाही.

शेवटी कानांच्या डॉक्टरांनी एक आलेख हातात दिला. एक हजार आंदोलनांपर्यंत अण्णांचा कान तरुणासारखा ठणठणीत. दोन हजारांच्या पुढे मात्र रेघ पर्वतीच्या पायऱ्या उतरावी तशी भराभर खाली आलेली. निरोगी तरुण कानाला सेकंदाला वीसपासून वीस हजारांपर्यंतची आंदोलने ऐकू येतात. वय वाढते तशी वरची खोली आधी बंद होते. तारस्वरांतला लखलखाट, तंबोऱ्याच्या जवारीची वरची झळाळी, आणि बोलण्यातले स, श, फ यांसारखे वर्ण त्या खोलीत राहतात. अण्णांनी आलेख पाहिला आणि ते हसले. "म्हणजे आता माझीच सांगली हरवली म्हणायची," ते म्हणाले. त्यांना श्रवणयंत्र मिळाले. चारचौघांत बोलताना ते लावतात. गाण्याला मात्र काढून ठेवतात. त्या यंत्राची मूळ घडण बोलण्यासाठी, आणि त्यातून गाणे ऐकले की त्यांना पुन्हा भोंग्याखाली बसल्यासारखे वाटते.

तेव्हा मी ठरवले, की घरात गाणे ऐकण्याची चांगली व्यवस्था करायची. माझ्या एका कादंबरीची दुसरी आवृत्ती निघाली होती आणि त्यापायी चाळीस हजार रुपये हाती आले होते. मराठी कादंबरीकाराच्या हाती एकदम एवढी रक्कम येणे ही गोष्ट वारंवार घडत नाही. ती घरखर्चात विरघळायच्या आत तिला आकार देणे अवश्य होते.

बेत जाहीर होताच पक्ष पडले. चिरंजीव अकरावीत. त्यांनी 'होम थिएटर' हा शब्द उच्चारला. म्हणजे पाच पूर्णांक एक दशांश: समोर तीन स्पीकर, बाजूंना किंवा पाठीमागे दोन, आणि दशांशचिन्हापुढला तो एक म्हणजे कोपऱ्यात बसून नुसता घुमणारा सबवूफर. सौभाग्यवतीचे म्हणणे, जे काही आणाल ते रंगाने भिंतीला शोभावे आणि त्याच्या तारा झाडू मारताना पायांत येऊ नयेत. धाकटी तीन वर्षे गाणे शिकते आहे. तिला रियाजाला तंबोरा लावता आला म्हणजे झाले. आणि माझी इच्छा एकच, की अण्णांनी पेपर खाली ठेवावा.

विज्ञानाशी माझा संबंध मॅट्रिकपाशीच संपला. तरी मास्तर माणसाला अभ्यास केल्यावाचून पैसे खर्च करवत नाहीत. महिनाभर मी वाचत होतो. पहिले आश्चर्य असे, की जगात सर्व बदलले तरी स्पीकर फारसा बदललेला नाही. एक लोहचुंबक, त्यात हलणारे तारेचे वेटोळे, आणि त्याला चिकटवलेला कागदाचा किंवा तसल्याच हलक्या पदार्थाचा शंकू. १९२५ साली अमेरिकेत राइस आणि केलॉग या दोघा अभियंत्यांनी ही घडण सिद्ध केली. आजच्या महागड्या पेटीतही बहुधा तीच असते. मोठा शंकू खर्जासाठी, लहानसा पडदा तारस्वरांसाठी, आणि कोणता स्वर कोणाकडे जायचा हे ठरवणारी आत एक लहानशी जुळणी. फलाट दोन आणि मध्ये एक वाहतूक नियंत्रक! अण्णांना ही उपमा फार आवडली.

दुसरे असे, की वॅटच्या आकड्याला भुलू नये. शंभर वॅट हे पन्नासच्या दुप्पट खरे. पण कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर शक्ती सुमारे दसपट लागते. बैठकीच्या खोलीत गाणे ऐकताना बहुतेक वेळ एखाद-दोन वॅटच खर्ची पडतात.

तिसरी गोष्ट मात्र मला खरोखर गोड वाटली. पुरुष गवयाने काळी एकमध्ये षड्ज धरला तर तो सेकंदाला सुमारे १३९ आंदोलनांचा. त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी, म्हणजे सुमारे ६९. लहान ट्रान्झिस्टरचा तळहाताएवढा स्पीकर इतका खाली उतरूच शकत नाही. तरीही ट्रान्झिस्टरवर आपल्याला खर्ज ऐकू आल्याचा भास होतो! कारण त्या स्वराचे वरचे भाईबंद, म्हणजे १३९, २०८, २७७ आंदोलनांचे सूर, कानी पडतात आणि मूळचा घरधनी गैरहजर असला तरी मेंदू त्याला घरात बसवून टाकतो. माणूस कानांनी जेवढे ऐकतो, त्याहून अधिक ओळखीने ऐकतो. त्या दिवशी मी ते वाक्य वहीत लिहून ठेवले. त्याचा खरा अर्थ दुकानात कळला.

दुकान आमच्या स्वारगेटचेच, रस्त्यापासून थोडे आत. मालक पन्नाशीचे, सौम्य, गाणे समजणारे गृहस्थ. त्यांनी आम्हां पाचही जणांना एका पडदे लावलेल्या खोलीत बसवले आणि चिरंजीवांच्या इच्छेला मान देऊन आधी होम थिएटर लावले. काळोखात कुठेतरी काच फुटली. डोक्यावरून हेलिकॉप्टर गेले, ते पाठीमागच्या भिंतीत शिरले. पाऊस पडू लागला. आणि जमीन अशी काही गदगदली, की सौभाग्यवतीने पिशवी पोटाशी धरली. चिरंजीवांच्या चेहऱ्यावर ब्रह्मानंद होता. अण्णांनी मान वळवून मागे पाहिले आणि शांतपणे विचारले, "कुठली गाडी लागली?"

मग मालकांना मी गाणे लावायला सांगितले. त्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांची एक जुनी ध्वनिमुद्रिका लावली. खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांच्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे, आणि ते सगळे एकाच वाटेने मुद्रित होई. उजवे-डावे असा भेद त्यात मुळातच नाही. मग पुढचे-मागचे कोठून येणार? पाच स्पीकरांत वाटलेले ते गाणे खोलीभर पातळ होऊन पसरले. खाँसाहेब समोर बसून गात नव्हते. ते भिंतींना लावल्यासारखे वाटत होते. मालक स्वतःच म्हणाले, "सर, सिनेमा अधिक आणि गाणे कमी असेल तर हे घ्या. गाणे अधिक असेल तर याच पैशांत समोरचे दोनच घ्या, पण चांगले घ्या. पाचांत वाटलेला पैसा प्रत्येकाच्या वाट्याला किती येणार?" एकत्र कुटुंबात वाढलेल्या मला हा हिशेब समजावून सांगावा लागला नाही.

दोनच घ्यायचे ठरले, तशा तीन जोड्या आमच्यासमोर आल्या. पहिली लावताच खोलीत दिवा लागल्यासारखे झाले. तबल्याची चाट टणत्कारली, शब्दाशब्दाला धार आली. दुसरी जोडी भारदस्त. तिच्यात डग्गा असा घुमत होता, की गवई त्याच्या मागे उभा राहून गातो आहे की काय असे वाटावे. तिसरी अगदी साधी. तिच्याविषयी सांगण्यासारखे काही सुचेना. एखाद्या वर्गात तीस वर्षे शिकवूनही ज्याचे नाव आठवत नाही अशा शहाण्या मुलासारखी.

चिरंजीवांनी येथे एक चांगले काम केले. दोन आवाजांत जो किंचित मोठा, तोच माणसाला अधिक चांगला वाटतो, हे त्यांनी कुठेतरी वाचले होते. त्यांनी मोबाइलवर आवाज मोजण्याची सोय काढली आणि तिन्ही जोड्या एका मापाला आणून ठेवल्या. तेव्हा दुसरीचा भारदस्तपणा पुष्कळसा ओसरला. उरल्या पहिली आणि तिसरी.

मालकांनी मला बाजूला घेतले. "आजोबांच्या कानांना वरचे कमी येते म्हणता ना? मग पहिली घ्या. तिच्यात वरचे मुळातच थोडे चढवलेले आहे. त्यांना कमी पडते ते ही भरून काढील." सल्ला प्रामाणिक होता आणि तर्कशुद्धही. पण आमच्या कानांचे काय? दहा मिनिटांत धाकटी कान चोळू लागली होती. अण्णांना नीट ऐकू यावे म्हणून चौघांनी टोचून घ्यायचे, की चौघांना गोड लागावे म्हणून अण्णांनी अंधुक ऐकायचे? पैसे अण्णांसाठी खर्च होत होते. माझे मत पहिलीकडे झुकले. मी तसे अण्णांना सांगितले.

अण्णा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी धाकटीला बोलावले. "इकडे ये. या दोन पेट्यांच्या मध्ये उभी राहा, आणि गाड्यांची घोषणा कर. मी करीत असे तशी."

धाकटीला आजोबांची घोषणा तोंडपाठ. तिने छाती भरून घेतली आणि म्हटले, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. सातारा, कराड मार्गे सांगलीला जाणारी गाडी फलाटावर लागलेली आहे." मग लागलीच भूप रागातला एक आरोह-अवरोह गाऊन दाखवला. चिरंजीवांनी ते सगळे मोबाइलवर मुद्रित केले. तेच मुद्रण एकेका जोडीतून, तिच्या बोलण्याइतक्याच आवाजात लावायचे, आणि दर वेळी आधी तिने प्रत्यक्ष बोलायचे. अण्णांनी श्रवणयंत्र काढून खिशात ठेवले आणि डोळे मिटले.

पहिली जोडी झाली. अण्णा म्हणाले, "ही आमची नात नव्हे. नातीची मैत्रीण आहे. जरा चढ्या आवाजाची."

दुसरी झाली. "हिला सर्दी झालेली दिसते."

तिसरी लागली. घोषणा झाली, भूप झाला. अण्णा गप्प. त्यांनी डोळे उघडले आणि धाकटीच्या ओठांकडे निरखून पाहिले. "आता तू बोललीस का पेटी?"

मालकांनी कानाला हात लावला. ते म्हणाले, "काका, पस्तीस वर्षे मी हा धंदा करतो, पण असे गिऱ्हाईक पाहिले नाही."

"मीही पस्तीस वर्षे हेच करीत होतो," अण्णा म्हणाले. "फक्त माझी पेटी तुमच्यापेक्षा वाईट होती."

घरी चालत येताना मला त्या परीक्षेतली खुबी हळूहळू उलगडली. आम्ही सारे समजत होतो, की अण्णांच्या कानांत जे कमी पडते ते स्पीकरने पुरवायचे. पण अण्णा नातीचा खरा आवाज कोणत्या कानांनी ऐकतात? त्याच! रोज सकाळी तिचा रियाज त्याच अधू कानांतून आत जातो. तिचा 'स' त्यांच्याकडे पोचतो तो अर्धाच. आणि तो अर्धा 'स' हीच आता त्यांच्या नातीची ओळख आहे. पेटीतून पूर्ण 'स' आला, तर ती नात वाटत नाही. कानाचा दोष खऱ्या आवाजाला जितका लागतो तितकाच पेटीतल्याही लागतो. दोन्ही बाजूंनी तो वजा जातो. मग उरतो एकच प्रश्न: पेटी खरे बोलते की खोटे? त्याचा निकाल देण्यासाठी तीक्ष्ण कान लागत नाहीत; आवाज ओळखीचा असावा लागतो. मोबाइलचे मुद्रण काही आदर्श नव्हे; पण त्याची उणीव तिन्ही जोड्यांना सारखीच होती.

ही परीक्षा जगात नवी नाही, हेही मला पुढे कळले. १९१५पासून काही वर्षे अमेरिकेत एडिसनच्या मंडळींनी गावोगाव असे प्रयोग केले. रंगमंचावर गायिका उभी. मध्येच दिवे मालवायचे. गाणे चालूच राहायचे. आणि दिवे लागले की पाहावे तो गायिका निघून गेलेली, गाते आहे ते यंत्र. प्रेक्षक थक्क होत. पण त्यातली मेख अशी सांगतात, की यंत्र माणसासारखे गात नव्हते तेव्हा काही गायिका यंत्रासारखे गायला शिकल्या होत्या. आमच्या धाकटीने तसले काही केले नव्हते, एवढे मी छातीठोकपणे सांगू शकतो. कारण तिने भूपातला धैवत दोन्ही वेळा सारखाच किंचित उतरा लावला होता.

तिसरी जोडी घरी आली. तिच्यासोबत एक साधा ॲम्प्लिफायर आला. चाळीस हजारांतून तीन हजार उरले आणि ते सौभाग्यवतीने जाड पडद्यांसाठी हस्तगत केले. हा खर्च वायफळ नव्हता. उघड्या भिंतींच्या खोलीत टाळी वाजवून पाहावी. ती टणटणत परत आली, तर स्पीकर कितीही उत्तम असले तरी गाणेही तसेच परत यायचे. पडदे, सतरंजी आणि माझी पुस्तकांची मांडणी यांनी आमची खोली निवली. माझ्या न खपलेल्या प्रतींचा एवढा उपयोग समीक्षकांनाही सुचला नसता. स्पीकर कोपऱ्यातून पुढे ओढले, कारण कोपऱ्यात खर्ज फुगतो. आणि वरचा लहान पडदा बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला आणला. दोन स्पीकरांमध्ये जितके अंतर, तितकेच प्रत्येकापासून अण्णांच्या खुर्चीचे; असा त्रिकोण साधला, की गवई बरोबर मध्यावर, रिकाम्या भिंतीपुढे येऊन बसतो. शेजाऱ्यांच्या भिंतीला त्याचा उपद्रव नाही.

चिरंजीव दोन दिवस रुसले होते. मी त्यांना ब्लूमलाइन नावाच्या इंग्रज अभियंत्याची हकिगत सांगितली. १९३१च्या सुमारास हा गृहस्थ आपल्या भावी बायकोसोबत बोलपट पाहायला गेला होता. नट पडद्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो, पण आवाज मात्र एकाच जागेवरून येतो, हे त्याला खटकले. आणि त्याच वर्षी त्याने दोन वाटांनी ध्वनी मुद्रित करण्याच्या युक्तीचे पेटंट मागितले. म्हणजे सिनेमासाठी शोधलेली गोष्ट शेवटी गाण्याच्या कामी आली. चिरंजीवांनी त्याच रात्री उलटा प्रयोग केला: गाण्यासाठी आणलेल्या जोडीवर सिनेमा लावला. हेलिकॉप्टर पाठीमागच्या भिंतीत शिरले नाही. पण उजवीकडून डावीकडे बिनचूक गेले. आणि नटनट्या काय बोलतात हे घरात प्रथमच सर्वांना कळू लागले. "पाऊस मागे पडत नाही, एवढेच," चिरंजीव म्हणाले. तह झाला.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी बाहेर फटाक्यांचा जोर होता, म्हणून खिडक्या लावून घेतल्या आणि भीमसेनांचे एक जुने ध्वनिमुद्रण लावले. अण्णांच्या मांडीवर सवयीने पेपर होता. तंबोरे सुरू झाले. खर्जाची ती तार या वेळी मेंदूच्या भरवशावर न राहता जातीने आली होती. जमिनीवरून चालत यावे तशी ती आली आणि अण्णांच्या खुर्चीपाशी थांबली. त्यांनी पेपरची घडी घातली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. विलंबित संपेपर्यंत ते हलले नाहीत. फक्त समेला उजवा हात किंचित उचलला जात होता. जवारीची वरची झळाळी त्यांच्यापर्यंत पोचली नसणार. आलेख खोटे बोलत नाही. पण रमणबागेतल्या साऱ्या रात्री त्यांच्यापाशी जमा होत्या. पेटीने खालचे खरे सांगितले, वरचे त्यांनी आपल्या पदरचे घातले.

तेव्हापासून संध्याकाळी सात ते आठ हा तास त्यांचा ठरलेला आहे. एक गोष्ट मात्र मला पुढे दिसली. आमच्या ॲम्प्लिफायरला वरचे स्वर कमीजास्त करायची एक कळ आहे. ती मध्यावर ठेवायची, असे ठरले होते. दुपारी शाळेतून लवकर आलो, की कधीकधी ती उजवीकडे बरीच फिरवलेली असते. संध्याकाळी पाहावे तो पुन्हा मध्यावर. एकदा मी न राहवून विचारले, "अण्णा, दुपारी ही कळ फिरवता का?"

"फिरवतो तर," ते म्हणाले. "दुपारी घरात कोणी नसते. संध्याकाळी मला गाणे ऐकायचे असते. दुपारी 'स' ऐकायचा असतो."

मी त्या कळीला हात लावत नाही.